मोरांमागची भिंत

स्टुलावर उभं राहून भगवंतरावांनी सोलापुरी चादरीची टोकं भिंतीच्या वरच्या नक्षीपट्टीत खोचली. चादरीवरचे दोन मोर जरा वाकडे लटकले, पण भिंत झाकली गेली.

जठारपेठेतल्या त्यांच्या नव्या घराची आज वास्तुशांत होती. घर सजवलं होतं त्यांच्या लेकीनं, हर्षानं. घरसजावट शिकून आल्यावरचं हे तिचं पहिलंच काम. सायीच्या रंगाच्या भिंती, त्यांवर बारीक नक्षीपट्ट्या, पितळी दिवे, बाकदार पायांचा सागवानी सोफा. सगळं कसं शांत, जुन्या इभ्रतीचं आणि तरीही आजचं. चादरीमागची एकच भिंत मात्र काळसर जांभळी, चकचकीत. रंगाऱ्यानं डबा उघडला तेव्हाच भगवंतरावांनी तो रंग ओळखला होता. उभा जन्म त्यांनी वांगी विकली होती.

"बाबा, कावून झाकून राहिले?" हर्षानं विचारलं.

"मोठमोठे लोक येतीन. भाजीवाल्याचं घर म्हनतीन."

"भाजीवाल्याचंच हाय ना."

भगवंतराव स्टुलावरून खाली उतरले.

"पहाटे तुमी पाटीतलं एकेक वांगं ओल्या फडक्यानं पुसाचे," हर्षा म्हणाली. "तसा रंग मले मंग कुठंच नाही दिसला. बाकी घर शांत ठेवलं ते त्याच्यासाठीच."

 तरी तिनं चादर काढली नाही. उलट वाकडी लटकली होती ती सरळ केली, आणि भगवंतरावांना तेच जास्त लागलं.

दुपारी पहिली पंगत उठली. शेजारचे शेषराव, निवृत्त मुख्याध्यापक, सुपारी चघळत हॉलभर फिरले. पितळी दिव्याला बोट लावून पाहिलं, नक्षीपट्ट्या निरखल्या.

"भगवंतराव, घर लय खानदानी झालं. पुन्याचा मानूस आनला होता काय?"

"नाही जी. माह्या पोरीनं केलं." हे सांगताना त्यांची छाती फुगली.

"वा. मंग येवढ्या चांगल्या कामात तिनं हे मोर कायले टांगले?"

लोक हसले. पाण्याचा ट्रे घेऊन आलेली हर्षा दारातच थबकली. ती खुलासा करील असं भगवंतरावांना वाटलं, पण तिनं मान खाली घातली. आपले मोर पोरीच्या नावावर खपताहेत, हे त्यांना पाहवेना.

त्यांनी चादर ओढून काढली. दारातून आलेल्या उन्हात भिंत झळकली. 

"मोर माहे होते," भगवंतराव म्हणाले. "भिंत पोरीची. आमच्या मळ्यातलं वांगं हाय ते. जल्मभर इकलं मी."

शेषराव चष्मा सावरत भिंतीजवळ गेले आणि पाहतच राहिले. भगवंतरावांचं तिकडे लक्षही नव्हतं. भिंतीला चादरीची सुतं चिकटली होती. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा हर्षाच्या ट्रेमधल्या पेल्यात भिजवला, पिळला, आणि सगळ्यांसमोर ते भिंत पुसू लागले, गोल गोल, हलक्या हातानं, देठाला धक्का न लावता पुसावं तसं.