रिकाम्या नोंदी

सरकारी सांख्यिकी खात्यातून निवृत्त होऊन नोएडात लेकीकडे राहायला आल्यापासून उल्हास मेश्राम रोज सकाळी चहा झाला की लॅपटॉप उघडून ग्रुपवर बसत. आकडेवारीचं सॉफ्टवेअर वापरणारी मंडळी तिथं एकमेकांच्या अडचणी सोडवत आणि 'मेश्राम सरांना विचारा' हे त्यांचं ठरलेलं उत्तर असे. प्रत्येक उत्तर ते तीनदा तपासत, तरी पाठवल्यावर चौथ्यांदा उघडून बघायचेच. दिवाळीनंतर बायको कौशल्या गेली तेव्हाही त्यांनी ग्रुप सोडला नाही, कारण तिथं कुणी सांत्वन करत नसे.

जानेवारीत कादंबरी नावाच्या एका पीएच.डी.च्या विद्यार्थिनीनं विचारलं, की रुग्णांच्या काही नोंदी रिकाम्या राहिल्या असतील तर त्या कशा भरायच्या. उल्हासरावांनी उदाहरणाला हाताशी होती ती माहिती घेतली, कौशल्याची रोज सकाळची शुगर. नाव काढलं. दिवाळीनंतरच्या रिकाम्या जागा जानेवारीअखेरपर्यंत सॉफ्टवेअरकडून भरून घेतल्या आणि भरलेले आकडे लाल करून फाइल ग्रुपवर टाकली.

"सर, एक शंका," कादंबरीनं लिहिलं. "हा पेशंट शुगर मोजायला विसरला, की नंतर तो नव्हताच? नसला तर भरायचं नाही ना?"

"मेश्राम सर चुकले? चलो, आज पार्टी!" ग्रुपचा टवाळ जयेश लगेच हजर झाला.

चूक सरळ होती. हाताखालच्या माणसानं केली असती, तर त्यांनी फाइल परत पाठवली असती. त्यांनी एकच शब्द लिहिला. 'विसरला.'

रविवारी लेक दीपमाला कपाट आवरत होती. आईचं शुगरचं मशीन तिला दिल्लीत हिंदूराव हॉस्पिटलजवळ राहणाऱ्या बबनकाकांना द्यायचं होतं.

"बाबा, तुम्ही शुगर चेक करताय? सांगायचं ना यार!" ती मशीन घेऊन बाहेर आली. "आज सकाळची एकशे चौसष्ट दाखवतंय. कालचीपण आहे."

"मी? छे."

"मग काय आईनं केली?" ती म्हणाली, आणि लगेच तिनं त्यांचा हात धरला. "बोटं दाखवा बघू."

बोटांवर टोचल्याची खूण नव्हती. "अच्छा, बिघडलंय वाटतं. काकांना नवीनच घेऊ," असं म्हणून तिनं मशीन टेबलावर ठेवलं आणि ती भाजी आणायला खाली गेली.

उल्हासरावांनी फाइल उघडली. आजचा लाल आकडा एकशे चौसष्ट होता. कालचा आणि परवाचाही मशीनशी जुळत होता. त्यांना भीती वाटली नाही. दाढ काढण्यापूर्वी हिरडी बधिर करतात, तसं काहीसं आत झालं होतं. मग त्यांची नजर उद्याच्या जागेवर गेली. तिथं अडतीस होतं.

अडतीसला माणूस शुद्धीवर राहत नाही. एकदा पहाटे कौशल्याची शुगर अशीच उतरली होती, तेव्हा घामानं भिजलेल्या तिच्या ओठांना त्यांनी साखर चोळली होती आणि ती उठून बसली होती.

उपाय हाताशी होता. सॉफ्टवेअर आकडे भरतं ते एका सुरुवातीच्या संख्येवरून, जिला ग्रुपवर सगळे सीड म्हणत. सीड तेच ठेवलं तर तेच आकडे येतात, बदललं की दुसरे. मनासारखा आकडा येईपर्यंत सीड बदलत बसणं ही लबाडी, हे नवख्यांना बजावणारे मेश्राम सरच. नोकरीत वरिष्ठांनी सुचवूनही त्यांनी ते केलं नव्हतं.

त्यांनी सीड बदललं.

पडद्यावर ओळ आली, की भरण्याजोगी रिकामी जागा एकही नाही. मूळ फाइल नव्यानं घेऊन, दुसरं सीड देऊन पाहिलं, तरी तेच. आपलंच काही चुकत असेल म्हणून त्यांनी चष्मा पुसला. दिवाळीनंतरचे सगळे आकडे आता काळे होते, प्रत्यक्ष मोजलेल्या आकड्यांसारखे. अडतीसही काळं होतं आणि त्याच्या खाली आता ओळच नव्हती, जानेवारीअखेरपर्यंतचे बाकीचे आकडे गेले होते.

बाहेर भर दुपारी धुरकट उजेड होता. उल्हासराव स्वयंपाकघरात गेले, साखरेचा डबा आणि चमचा घेऊन खोलीत आले, आणि ते कौशल्याच्या उशीपाशी ठेवले. मग पलंग हलणार नाही अशा बेतानं ते आपल्या बाजूला टेकले.