ओरेस्तेची राई आणि माझा जीव

मी ब्रीना बोलतेय. जातीने कुत्री, वय नऊ, धंदा ट्रफलं, म्हणजे जमिनीखाली उगवणारी सोन्याच्या भावाची अळंबी, हुंगून काढण्याचा. तुम्ही कोण, कुठले, कशाला ऐकताय, हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. पण असो, सांगते.

मी तीन महिन्यांची असताना माझ्या मालकाने, ओरेस्तेने, मला घरी आणलं आणि पहिला धडा दिला: परक्या हातचं खायचं नाही. इटलीतल्या उंब्रियाच्या या डोंगरांत ट्रफलवाला कोणाचा सगा नसतो. चांगल्या कुत्रीवर तर शेजाऱ्याचाही डोळा. ओरेस्तेची ओकच्या झाडांची राई त्याच्या बापाने त्याला दाखवली होती, आणि ती कुठे आहे हे त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षं संसार करून असुंताला नवरा सकाळी कुठे जातो ते ठाऊक नाही! माग लागू नये म्हणून तो गाडी मुद्दाम पलीकडच्या गावात लावतो आणि तासभर चालत राईत येतो.

जूनमध्ये आमच्या वरच्या खोलीत सिल्वानो आणि मिरेल्ला भाड्याने राहायला आले. तोरिनोचे पाववाले, दोघांनी साठी ओलांडलेली. चौतीस वर्षांत भट्टी बंद ठेवून एकत्र कुठे गेले नव्हते. मिरेल्लाला लग्नापासून एकच हौस, तळ्यात होडीतून फिरायची. ऐकायला गोड. पण पहिल्याच दिवशी दोघं पहाटे चारला अंगणात हजर! सुट्टीवर आलेलं माणूस चारला उठतं का? ओरेस्तेने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. हे नक्की आमच्या मागावर आलेत. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं. पाववाल्यांची ती जन्माची सवय, हे आमच्या डोक्यातच आलं नाही. मिरेल्लाने मांसाचा तुकडा पुढे केला, मी तोंड फिरवलं.

होडीचा बेत शेवटच्या दिवसाचा होता. त्या सकाळी आम्ही राईत गेलो. एका मुळाशी खिम्याचा गोळा पडला होता. परक्या हातचं खायचं नाही हे पाठ होतं, जमिनीवरच्याबद्दल कोणी शिकवलं नव्हतं. खाल्ला मी. थोड्याच वेळात पाय ताठ झाले, तोंडाला फेस आला. विष कोणी घातलं ते अजून कळलेलं नाही. माझा पाच जणांवर संशय आहे, सगळे ट्रफलवालेच.

गाडी तासभर लांब. ओरेस्तेने घरी फोन लावला. असुंताचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"पाववाल्यांची गाडी दारात आहे. कुठे आहेस ते सांग."

ओरेस्ते गप्प. त्याने झाडांकडे पाहिलं.

"ओरेस्ते, कुत्री मरतेय तुझी. तोंड उघड."

तरी गप्प. मी जमिनीवर पडून त्याच्याकडे बघत होते. मग एकदाचं तो म्हणाला, "जुन्या गिरणीमागे. ओढा ओलांडून वर."

मिरेल्ला होडीसाठी घातलेल्या कोऱ्या झग्यातच आली. सिल्वानोने मला उचलून गाडीपर्यंत नेलं, तिने मांडीवर घेतलं. झग्याचं वाटोळं झालं, पण तिने हूं की चूं केलं नाही. जनावरांच्या डॉक्टरने नळी घातली, सुया टोचल्या. ती दोघं संध्याकाळपर्यंत दवाखान्याच्या बाकावर बसून राहिली. होडी केव्हाच निघून गेली होती.

आणि ओरेस्तेने आभार मानायच्या आधी विचारलं काय? "वाट लक्षात राहिली का तुमच्या?" मला त्याची लाज वाटली.

"वाटेकडे कोण बघत होतं?" मिरेल्ला म्हणाली. "हिचा श्वास चालतोय का, तेवढंच बघत होते मी."

दुसऱ्या दिवशी ती दोघं भट्टी पेटवायला परत गेली. मी वाचले. मागचा पाय ओढत चालते, धंदा सुटला.

बाबांनो, गुपितं खुशाल ठेवा. पण घरातल्या एकाला तरी सांगून ठेवा. कोणाचा तरी जीव जात असताना विचार करत बसू नका. ओरेस्तेने सांगितलं, हे खरं. पण तो गप्प होता तेवढ्यात मी सतरा श्वास घेतले, प्रत्येक शेवटचा समजून.

तो रोज माझं डोकं मांडीवर घेऊन विचारतो, "रागावलीस का गं?" मी त्याचा हात चाटते. जीव आहे माझा त्याच्यावर. फक्त पूर्वी मी परक्यांवर नजर ठेवायला दाराकडे तोंड करून झोपायचे, हल्ली त्याच्याकडे तोंड करून झोपते.