कोऱ्या कागदांवरचा शिक्का

मित्रांनो, मी एक जुना शिक्का आहे. वर लाकडी मूठ, खाली रबराची अक्षरे, ‘साहेबांच्या वतीने’. वर्षानुवर्षे मी टेबलावर थडथड नाचलो. आता खणात पडून आहे, तरी जीव थाऱ्यावर नाही.

साहेब रजेवर निघाले की मला दुय्यम अधिकाऱ्यांच्या हाती सोपवत. कचेरीत त्यांना सगळे धाकटे साहेब म्हणत. माणूस पापभीरू, पण कामाचा उरक दांडगा. कामे तुंबू नयेत म्हणून ते सकाळीच पन्नास कोरे कागद घेत, सह्या ठोकत आणि वर मला उठवत. मजकूर मागाहून टाइप होई. सारे वाहवा करत. पण मी कशाला होकार देतोय, तेच मला ठाऊक नसे.

एका दुपारी मंडईत शिवणकाम करणारी मावशी कागद फडकवत आली. महिनाभर गाळा बंद दिसला म्हणून तो रद्द झाला होता. चार वाजता कुलूप लागणार होते.

“लेकीचं बाळंतपण करायला गेले होते बाबा, पळून नव्हते गेले. तसा अर्जही दिलाय. हे कुणी लिहिलं?”

“साहेबांच्या वतीने आहे,” धाकटे साहेब पुटपुटले.

“त्यांनी वाचलं?”

“ते रजेवर आहेत.”

“मग तुम्ही?”

धाकट्या साहेबांनी फाइल उघडली, तर अर्ज आतच होता. त्यांनी साहेबांना फोन लावला.

“माझ्या वतीने तुम्ही बसलात ना? मग मला कशाला विचारता?” म्हणत साहेबांनी फोन ठेवला.

साडेतीन वाजले. धाकट्या साहेबांनी मला उचलले, ठेवले, पुन्हा उचलले. शेवटी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले, ‘मी न वाचता सही केली. चूक माझी. आदेश रद्द.’ खाली आपले पूर्ण नाव घातले, मला जपून टेकवले, आणि मावशीच्या मागोमाग मंडईकडे धावत सुटले. कुलूप लावणारे दारातूनच परतले.

साहेब आले ते तणतणतच. “माझ्या खुर्चीत बसून चुका कबूल करता?” धाकट्या साहेबांचा अधिकार गेला, आणि मी खणात आलो.

मित्रांनो, उद्या तुम्हीही कुणाच्या तरी वतीने बसाल, वर्गाचे मॉनिटर म्हणून का होईना. तेव्हा आधी वाचा. तो कागद ज्याच्या दारी जाणार, त्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणून वाचा. वेळ लागला तर लागू द्या. तेवढी काळजी त्या कागदाला हवीच असते.