चहात बुडालेला थर्मामीटर

मित्रांनो, मी काचेचा एक जुना थर्मामीटर आहे. भोकरदनला डॉक्टर भागवतांच्या कपाटात राहतो. माझ्या पोटात पारा आहे. नळीत खाली एक अरुंद जागा आहे, तिच्यामुळे वर चढलेला पारा आपोआप उतरत नाही. मला झटकावे लागते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एकाहत्तरच्या युद्धात डॉक्टर लष्करात कॅप्टन होते. जखमींना टाकून मागे यायला त्यांनी नकार दिला आणि जखमींबरोबरच ते शत्रूच्या छावणीत कैद झाले. झडतीत घड्याळ गेले, पट्टा गेला. मला मात्र त्यांच्या खिशात राहू दिले, कारण छावणीतले आजारी कैदी त्यांनाच तपासायचे होते.

त्या कैद्यांत अंबडकडचा वसंता नावाचा जवान होता. एकदा माती वाहण्याचे काम चुकवायला त्याने मला चहात बुडवले. चहा कोमट होता म्हणून मी फुटलो नाही, पण एकशे आठवर जाऊन बसलो. पहारेकरी पोट धरून हसले. एवढ्या तापात कोणी उभ्याने चहा पीत नाही, आणि वसंता तर कप हातात घेऊनच उभा होता.

आठ दिवसांनी वसंता खरोखर तापला. छावणीत औषध नव्हते. त्याला दवाखान्यात हलवले नसते, तर तो वाचला नसता. पहाऱ्यावरचा सुभेदार दारातूनच म्हणाला, “फिर चाय पिलाई थर्मामीटर को?”

“आता खोटं न्हाई, साहेब,” वसंता पुटपुटला.

डॉक्टरांनी मला सुभेदाराच्याच हातात दिले. “तुमारा शक बराबर है. तुमीच झटको. पैले अपनी बगल में रखो, फिर इसकी.”

“ये कहाँ की उर्दू है, डॉक्टर?”

“भोकरदन की. काम चला लेती है.”

सुभेदाराने मला झटकले आणि स्वतःच्या काखेत धरले. मी साडेसत्त्याण्णव दाखवले. त्याने पुन्हा झटकून मला वसंताच्या काखेत ठेवले आणि त्याचा हात स्वतः दाबून धरला. तीन मिनिटांनी त्याने माझ्यावरचा आकडा दोनदा वाचला. एकशे चार. चहाचे नाव न काढता त्याने गाडी मागवली.

वसंता वाचला. पुढे सगळे सुटून घरी आले.

आता भोकरदनचा दवाखाना डॉक्टरांची नात अर्पिता चालवते. तिच्याकडे बटणाचा थर्मामीटर आहे. तो माझ्यापेक्षा लवकर सांगतो, हे मी मान्य करतो. वसंताही आजोबा झाला आहे. अंबडकडच्या अंकुशनगरहून आला, की मला बघायला मागतो.

“पैले कप खाली ठेवा आजोबा,” अर्पिता म्हणते, “मंग कपाट उघडते.”

मित्रांनो, मला उकळत्या पाण्यात धुऊ नका. मी फुटलोच, तर पाऱ्याला हात लावू नका. आणि एकदा खोटे बोललेल्या माणसालाही खरा ताप येतो, हे विसरू नका. आधी मला झटका, मग मोजा, आणि मगच त्याच्याबद्दल काय ते ठरवा.