माझ्या आधी पोहोचलेली साक्ष

कोर्ट मार्शलच्या खोलीत मी पोहोचलो, तेव्हा माझा आवाज अर्धी साक्ष देऊन बसला होता. साक्षीदाराची खुर्ची रिकामी होती. आवाज तिथूनच येत होता. चाळीस वर्षांपूर्वीचा, ठणठणीत. त्याच्यापुढच्या ग्लासातलं पाणी कमी होत होतं.

"दुपारी तीन वाजता मी चहा घेऊन दारूगोळ्याच्या कोठारावर गेलो," आवाज म्हणाला. "पहाऱ्यावरचा शिपाई निवृत्ती धायगुडे झोपला होता."

धायगुडे समोरच उभा होता. आरोपी म्हणून त्याची टोपी आणि पट्टा काढून घेतला होता. तो अजून बावीस वर्षांचाच होता.

मी त्याच्या पलटणीचा लंगरी, म्हणजे स्वयंपाकी. त्या दुपारी धायगुडे जागा होता. माझ्या चहाला त्याने नावं ठेवली होती. दुसऱ्या दिवशी कारकुनाने एका कागदावर माझा अंगठा घेतला. कागदात काय आहे ते मी विचारलं नाही. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं.

तोच कारकून कोपऱ्यात टाइप करत होता. मी नीट कान दिला. टाइप आधी होत होतं, आवाज मागून बोलत होता.

"साहेब, हे खोटं आहे," मी म्हणालो.

"साक्ष चालू असताना मध्ये बोलू नका," अध्यक्ष मेजर म्हणाले. "कोर्टाचा अवमान होतो."

"साक्षीदार मीच आहे. गेनू कोंढाळकर."

मेजरांनी खुर्चीकडे पाहिलं. "तुमचं नाव?"

"गेनू कोंढाळकर," आवाज म्हणाला. "हा म्हातारा कोण, मला माहीत नाही."

दोन शिपाई माझी टोपी आणि पट्टा घेऊन गेले. मी येताना दोन्ही घातलं नव्हतं. मघाशी दहा पावलं लांब असलेली भिंत आता पाठीला टेकली. माझा खांदा धायगुडेच्या खांद्याला लागला.

"लंगरी, चहा पांचटच होता तुझा," तो ओठ न हलवता म्हणाला. "तरी दुसरा ग्लास मागितला मी. झोपलेला माणूस मागतो का?"

मी मेजरांकडे पाहिलं. "बोलायचं नाही, तर लिहून देऊ का?"

"द्या."

कारकून गालात हसला. त्याला माझा अंगठा आठवत असणार. साठाव्या वर्षी शिकलेली अक्षरं मी एकेक करून मांडली. धायगुडे जागा होता. खाली सही केली.

मेजरांनी कागद खुर्चीपुढे ठेवला. "साक्षीदाराने हे वाचावं आणि खरं की खोटं ते सांगावं."

टाइप थांबलं. ग्लास रिकामा झाला. मग आवाज खाकरला.

"अंगठा कुठे करू, साहेब?"

कारकून झटकन उठला, पण शाईच्या पॅडचं झाकण आधीच उघडलं होतं. माझ्या सहीशेजारी अंगठा उमटला. मी माझा हात पाठीमागे नेला. अंगठा ओला होता.