साहेबांचे बोट

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. शाळेतला नाही. शाळेतल्या फळ्यावर निदान पाढे येतात आणि चुकले तर पोरे पुसून पुन्हा लिहितात. मी एका फुटबॉल क्लबच्या कपडे बदलण्याच्या खोलीतला फळा. माझ्यावर डावपेच मांडतात, आणि ते फसले की माझ्यावरच खापर फोडतात. आपली कहाणी सांगायला बसलेल्याने गोड बोलावे, अशी रीत आहे हे मला ठाऊक आहे. पण पोटात एक आणि ओठात एक हे मला जमत नाही. मला किळस आली आहे, आणि तीच सांगणार आहे.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. पाठीला लाकडी चौकट, पुढे पांढरा गुळगुळीत लेप, आणि त्यावर हिरव्या रेघांनी आखलेले मैदान. माझे बाकीचे भाऊ कोरेच राहिले. कोणी कचेरीत गेले, कोणी इस्पितळात गेले. तिथे कोणत्या खाटेवर कोण आहे ते त्यांच्यावर लिहितात. मला मात्र मैदान मिळाले, म्हणून मी त्या वेळी फार फुशारलो होतो. माझ्याबरोबर एका डबीत लोहचुंबकाच्या सोंगट्या आल्या. लाल आपल्या, निळ्या समोरच्यांच्या. प्रत्येकीवर खेळाडूचा नंबर.

माझ्यावर खेळाडूंच्या ज्या रांगा मांडतात, त्यांना फळ्याच म्हणतात बरे का. बचावाची फळी, मधली फळी, आघाडीची फळी. म्हणजे सगळे आमचेच खानदान! त्यामुळे कुठल्या फळीत भोक पडले आहे, हे मला मैदानावरच्या माणसांच्या आधी कळते.

मला विकत आणले ते मास्तरांनी. ते क्लबचे तेव्हाचे प्रशिक्षक. त्यांच्या खिशात माझ्यासाठी वेगळे मऊ फडके असायचे. त्यांचा एक नियम होता, ज्याची सोंगटी त्यानेच लावायची. ते खेळाडूला पुढे बोलवायचे आणि विचारायचे, "चेंडू इथून आला तर तू कुठे असशील? लाव." खेळाडू विचार करून सोंगटी लावायचा. चुकला तर मास्तर हसायचे नाहीत, निळी सोंगटी हलवून त्याची चूक त्यालाच दाखवायचे. मित्रांनो, त्या दिवसांत माझी पाठ ताठ असायची.

त्याच दिवसांत एक एकोणीस वर्षांचा मुलगा क्लबमध्ये आला. त्याचा नंबर सहा. मधल्या फळीत, बचावाच्या अगदी पुढे त्याची जागा. समोरचे खेळाडू मोठ्या तोऱ्यात धावत यायचे आणि त्याच्यापाशी येऊन अडकायचे. म्हणून सगळे त्याला कुलूप म्हणू लागले. तो दिवसा बसच्या आगारात ब्रेक दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी समोरच्या संघाला ब्रेक लावायचा. पंधरा वर्षांत त्याने फक्त चार गोल केले, आणि त्यातला एक आपल्याच जाळ्यात. पण त्याच्या जागेपुढे समोरच्यांचे किती बाण येऊन मेले, ते मला विचारा. ते सगळे बाण माझ्याच अंगावर काढलेले होते.

एकदा वरच्या गटातल्या एका क्लबने त्याला बोलावले. तो मास्तरांना विचारायला आला. मास्तर म्हणाले, "जायचं तर खुशाल जा, बाळा. पण मला विचारशील तर आपण सगळे मिळूनच वर जाऊ."

तो राहिला. पुढे मास्तरांचे गुडघे गेले आणि ते मुलीकडे राहायला गेले. क्लब खालच्याच गटात राहिला. कुलूप चौतीस वर्षांचा झाला.

मास्तरांच्या जागी जो प्रशिक्षक आला त्याला सगळे कोच म्हणत. मी त्याला मनातल्या मनात होयबा म्हणतो. हा गृहस्थ अडाणी असता तर मी त्याला माफ केले असते. पण त्याला फुटबॉल चांगले कळत होते. मास्तरांपेक्षा काकणभर जास्तच कळत असेल. फक्त क्लबचे अध्यक्ष, म्हणजे साहेब, खोलीत आले की त्याच्या मानेला एकच हालचाल ठाऊक असायची, वरून खाली. आणि फडके? नाव काढू नका. तो अंगठ्याला थुंकी लावून मला पुसायचा. थुंकी! माझ्या चौकटीवर ओले मोजे वाळत घालायचे आणि पाठीमागे चघळलेले च्युइंगम चिकटवायचे, ही त्याच्या राज्यातली शिस्त. मी सगळे सोसले. घाण धुऊन निघते, असे मला तेव्हा वाटत होते.

यंदा नशीब फळफळले. आमच्या गटातले पहिले दोन संघ सरळ वर जातात, आणि पुढचे चार एका उरलेल्या जागेसाठी आपसात लढतात. त्याला प्ले-ऑफ म्हणतात. आमचा संघ पाचवा आला. उपांत्य सामना आम्ही एका गोलने जिंकलो. गोल दुसऱ्याने केला, पण समोरच्यांना नव्वद मिनिटे कोंडून ठेवले ते कुलपाने. त्या दिवशी खोलीत परत आल्यावर तो बाकावर बसून बूट सोडत म्हणाला, "आता एकच. एक सामना, की मग मी आयुष्यभर ब्रेकच दुरुस्त करीन, कुरकुर करणार नाही."

अंतिम सामना शनिवारी होता. शुक्रवारी दुपारी कोचने माझ्यावर संघ मांडला. चोख मांडला, खोटे कशाला बोलू? कुलूप आपल्या जागी होता.

तेवढ्यात साहेब आले. हातात कागदाचा पुडा, त्यात तळलेले काहीतरी, आणि बोटे तेलाने चमकत होती. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि विचारले, "पाहुणा कुठाय?"

पाहुणा म्हणजे एका मोठ्या क्लबकडून अर्ध्या मोसमापुरता उसना आणलेला खेळाडू. कडेने सुसाट पळणारा, देखणा आणि मनाने चांगला. त्याला उसना आणायची कल्पना साहेबांची होती.

"त्याला दुसऱ्या अर्धात उतरवायचा विचार आहे, साहेब," कोच म्हणाला.

"दुसऱ्या अर्धात? लोक काय बघायला येणार, हे सहा नंबरचं? याने गोल किती केले यंदा?"

"गोल... नाही केला, साहेब. पण त्याचं काम—"

"शून्य ना? मग?"

आणि साहेबांनी ते तेलकट बोट माझ्या छातीवर टेकवले. सहा नंबरची सोंगटी ओढत ओढत त्यांनी मैदानाबाहेर नेली, थेट चौकटीच्या कडेपर्यंत. मागे तेलाचा एक लांबलचक ओघळ राहिला. तिच्या जागी त्यांनी पाहुण्याची सोंगटी टपकन चिकटवली. कोच म्हणाला, "बरोबर आहे, साहेब. असंही बघता येईल."

पाहुणा तिथेच बसला होता. तो उठून म्हणाला, "सर, मी मधे कधीच खेळलेलो नाही हो. मला कडेला ठेवा, नाहीतर बाहेर बसवा." त्याच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. उसन्या माणसाचे कोण ऐकतो?

मग साहेबांनी जे केले ते ऐका. त्यांनी खिशातून फोन काढला, माझ्याकडे पाठ करून उभे राहिले, कोचला जवळ ओढला आणि दोन बोटे वर करून फोटो काढला. दोघांच्या खांद्यांच्या मधोमध मी, माझ्यावर अकराच्या अकरा सोंगट्या आणि प्रत्येक बाण. "विजयाची तयारी!" असे लिहून साहेबांनी तो फोटो जगजाहीर केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. इथे तर हाताबरोबर अख्खा संघ दाखवला.

शनिवारी सकाळी मला बसमध्ये कोचच्या सीटमागे ठेवले होते. खेळाडूंचे पाय बांधणारी, लचक काढणारी फिजिओताई फोन घेऊन पुढे आली. तिचा चेहरा उतरला होता.

"सर, हे बघा. फोटोत फळा अगदी स्पष्ट दिसतोय. मोठं केलं की नंबरसुद्धा वाचता येतात. खाली समोरच्या संघाच्या कोचने 'धन्यवाद' लिहिलंय."

कोचने फोटो पाहिला.

"सर, एका परीने बरंच झालं," ताई हळूच म्हणाली. "मधे कुलूप नाही असं समजून ते मधूनच घुसणार. आपण कुलूप लावून ठेवू. येऊ देत की!"

मित्रांनो, कोच हसला. मी त्याला मनापासून हसताना प्रथमच पाहिले. त्याने मला मांडीवर घेतले, पाहुण्याची सोंगटी उचलून कडेला ठेवली आणि सहा नंबर त्याच्या जागी लावला. ठक्क! असा आवाज मास्तरांच्या वेळी यायचा. त्याने दोन बाण काढले, दोन खोडले. त्याला सगळे कळले होते. पुढची तीन मिनिटे माझ्यावर जो संघ होता, तो जिंकणारा संघ होता. हे मी फळ्याच्या जातीची शपथ घेऊन सांगतो.

मग फोन वाजला.

"हो साहेब... नाही साहेब, बदल काही नाही... छे छे, फोटो छान आलाय... तुम्ही सांगितलंत तसंच, साहेब."

त्याने फोन खिशात ठेवला. फिजिओताई उभीच होती. तिच्याकडे न बघता त्याने अंगठा तोंडात घातला, थुंकी लावली आणि ते दोन्ही बाण पुसून टाकले. सहा नंबर पुन्हा चौकटीच्या कडेला गेला. आजवर माझ्या अंगावर पुष्कळ थुंकी पडली आहे, पण त्या थुंकीचा ओलावा मला अजून जाणवतो.

सामन्यात व्हायचे तेच झाले. मला मैदानाच्या कडेला, राखीव खेळाडूंच्या बाकाला टेकवून ठेवले होते. अकराव्या मिनिटाला निळे मधून घुसले आणि गोल झाला. तिसाव्या मिनिटाला पुन्हा मधून घुसले आणि पुन्हा गोल झाला. बिचारा पाहुणा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पळत होता. त्याचा दम गेला, रंग गेला. तो दर पाच मिनिटांनी बाकाकडे बघून हात पसरायचा. कुलूप गुडघ्यांवर कोपर टेकून बसला होता. त्याने ओठ इतके घट्ट मिटले होते की पांढरे पडले होते.

बहात्तराव्या मिनिटाला कोच म्हणाला, "चल रे, वरचे कपडे काढ, तू जा." आता वरातीमागून घोडे!

कुलूप उठला, वरचा सदरा काढला, आणि सगळ्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "साहेबांना विचारलंत का?"

आणि मित्रांनो, ज्यासाठी मी ही सगळी कहाणी सांगायला घेतली ते आता सांगतो. कोचने खरोखरच मान वळवली. वर, मानाच्या गॅलरीत साहेबांच्या खुर्चीकडे त्याने पाहिले.

खुर्ची रिकामी होती. साहेब दुसऱ्या गोलनंतरच घरी गेले होते.

कुलूप मैदानात उतरला. अठरा मिनिटे खेळला. त्या अठरा मिनिटांत मधून एकही निळा माणूस पुढे गेला नाही. पाहुणा आपल्या कडेला परतला, सुसाट सुटला आणि त्याने एक गोल फेडलाही. पण सामना दोन-एक असा संपला, आणि दुसरे लोक वर गेले.

नंतर क्लबमध्ये चौकशी झाली. चौकशीत ठरले की दोष फळ्याचा. फळा उघड्यावर ठेवल्यामुळे डावपेच फुटले! क्लबचे सामान सांभाळणाऱ्या सामानवाल्या काकांना बोलणी बसली, मला अडगळीच्या खोलीत टाकले आणि कोचला आणखी दोन वर्षे ठेवून घेतले. याला म्हणतात चोर सोडून संन्याशाला फाशी. आता मी फाटक्या जाळ्या आणि मोडक्या झेंड्यांच्या मागे उभा आहे. धूळ बसते, झुरळे फिरतात. त्यांची मला किळस येत नाही. झुरळे कोणाला विचारून फिरत नाहीत.

गेल्या आठवड्यात कुलूप क्लबचे कपडे परत करायला आला. नव्या मोसमासाठी त्याला घेतलेले नाही. सामानवाले काका त्याच्याशी इथेच, माझ्यासमोर बोलत होते.

"मनाला लावून घेऊ नकोस रे," काका म्हणाले. "हार-जीत व्हायचीच."

"हरल्याचं काही नाही हो काका. हरायची मला सवय आहे." त्याने घडी केलेले कपडे मोजून काकांच्या हातात दिले. "मला वाटायचं, कोचना माझं काम दिसतच नाही. नाही दिसत एकेकाला, त्यात त्यांचा काय दोष? पण त्या सकाळी मी बसमध्ये त्यांच्या मागच्याच सीटवर होतो. त्यांनी माझा नंबर लावलेला मी पाहिला. आणि नंतर काढलेलाही पाहिला."

तो गेला. आगारात त्याची दुपारची पाळी होती.

मित्रांनो, माझ्यासारख्यांनी शेवटी एक विनंती करायची असते. मला स्वच्छ ठेवा, माझ्यावर ओले मोजे टाकू नका, असे मी म्हणायला हवे. राहू द्या. मी पत्र्याचा आहे, पाणी मारले की साफ होतो. तुम्ही मोठे व्हाल तेव्हा कुठल्या ना कुठल्या फळ्यासमोर तुम्हीही उभे राहाल. कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला बाहेर बसवायचे, ते तुमच्या हातात असेल. तुम्हाला कळले नाही आणि चुकलात, तर कोणी तुमच्यावर फार काळ रागावणार नाही. पण कळले असेल, तर ते पुसू नका. ज्याचे नाव तुम्ही पुसता, तो बहुधा मागच्याच सीटवर बसलेला असतो.