अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत

रेसकोर्सवर तिला सगळे वहिनी म्हणत. नवरा ट्रेनर होता तेव्हा तो सगळ्यांचा दादा, म्हणून ती वहिनी. पुढे नवऱ्याच्या पाठीने कायमचा संप पुकारला, तबेला तिच्या अंगावर पडला, ट्रेनरचं लायसन्स तिच्या नावावर झालं, पण वहिनी काही सुटलं नाही. तिच्या बापाच्या वयाचे मोतद्दारसुद्धा घोड्याला खरारा करता करता हाक मारत, "वहिनी, हिचा खूर बघा जरा." नात्याने तिला वहिनी म्हणणारा तिथे एकच माणूस होता. तो तिचा धाकटा दीर, आणि तो होता रेसकोर्सच्या व्यवस्थापन समितीचा सचिव.

लग्न होऊन ती या आवारात पहिल्यांदा आली, तेव्हा शर्यतीच्या दिवशी स्टँडमध्ये उभं राहायला जागा मिळत नसे. आता तिथे माणसांपेक्षा कबुतरं जास्त होती. लोक घरबसल्या फोनवर पैजा लावतात, हे कारण समिती सांगायची आणि ते खोटंही नव्हतं. पण अजूनही यायला तयार असलेल्यांना समितीने आपल्या हाताने घालवलं होतं. तिकिटांच्या खिडक्यांची रांगच्या रांग, उघडी मात्र एक. छापलेली वेळ वेगळी, शर्यत सुटण्याची वेगळी, आणि उशीर का झाला ते कुणी कधी सांगत नसे. मैदानावर पाणी मारायचा पंप निम्म्या भागापर्यंतच पोचायचा, त्यामुळे घोडे मऊ गवतावरून निघत आणि पुढे विटेसारख्या कडक जमिनीवर टापा आपटत. आतल्या कठड्याच्या फळ्या कुजल्या होत्या, त्या काथ्याने बांधून ठेवल्या होत्या. समितीतली माणसं वाईट नव्हती. बोलायला गोड, चहा पाजायला तत्पर. फक्त तबेल्याकडे त्यांच्यापैकी कुणी वर्षानुवर्षं फिरकलं नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकायचं काम गादीच्या खुर्च्यांत बसून चाललं होतं.

मागच्या महिन्यात लांबच्या वळणावर एक जॉकी पडला. अ‍ॅम्ब्युलन्स होती, पण तिचा ड्रायव्हर जागेवर नव्हता. तो सापडेपर्यंत पोरगा गवतात विव्हळत राहिला. आता त्याच्या पायात सळई होती आणि तो पुन्हा घोड्यावर बसेल की नाही, हे डॉक्टरही सांगत नव्हते. त्या शर्यतीत त्याच्या अगदी मागे वहिनींची लेक होती. तीही जॉकी. पडलेल्या पोराला वाचवायला तिने घोडा बाजूला काढला होता. घरी आल्यावर ती जेवताना एवढंच म्हणाली, "आई, तो हात वर करून हलवत होता. कुणीतरी बघावं म्हणून."

वहिनींनी त्या रात्री नवऱ्याला सांगून टाकलं, "पुन्हा असं झालं तर मी गप्प बसणार नाही."

नवरा म्हणाला, "तू कधी गप्प बसली होतीस?"

मोसमातली मोठी शर्यत आली. टीव्हीवर दाखवली जाणारी ही एकच उरली होती, त्यामुळे स्टँडमध्ये त्या दिवशी बऱ्यापैकी माणसं होती. काही जुने शौकीन, काही कॉलेजची मुलं, पोराबाळांना घेऊन आलेली दोन-चार कुटुंबं. वहिनींच्या तबेल्यातून गोगलगाय धावणार होती. घोडीचं पाळण्यातलं नाव चांगलं राजेशाही होतं, पण तबेल्यातून बाहेर पडायला ती इतकी कुरकुर करायची की मोतद्दारांनी तिला गोगलगाय करून टाकलं. मैदानावर मात्र तिचे पोटातले पाय बाहेर यायचे.

मोठ्या शर्यतीच्या आधीच्या शर्यतीत एक घोडा सुटण्याच्या फाटकातच उधळला आणि घोडे आत लावणारा एक कामगार फळीवर दाबला गेला. त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. या वेळी ड्रायव्हर जागेवर होता. अ‍ॅम्ब्युलन्स त्याला घेऊन लगेच इस्पितळाकडे गेली. ते योग्यच झालं. पण दुसरी अ‍ॅम्ब्युलन्स नव्हती.

घोड्यांना फिरवून दाखवतात त्या गोल रिंगणात वहिनी खोगिराचा पट्टा आवळत होत्या. आवळता आवळता त्यांनी मान उचलून मैदानाकडे पाहिलं. पांढरी गाडी जिथे उभी असते ती जागा रिकामी होती. जॉकींना घोड्यावर बसण्याचा इशारा झाला. लेक गोगलगायवर बसली. तेवढ्यात दीर घाईघाईने रिंगणापाशी आला, कपाळावर घाम, हातात दोन फोन.

"भावजी, गाडी कुठाय?" वहिनींनी विचारलं.

"येतेय. इस्पितळातून निघालीच असेल."

"निघाली असेल, की निघालीय?"

"वहिनी, आत्ता नको. टीव्हीवाले थांबलेत. त्यांची वेळ चुकली तर पुढच्या वर्षी ते येणार नाहीत, मग काय कबुतरांना शर्यती दाखवायच्या?"

"गाडी नसताना घोडे सोडायचे नाहीत, हा नियम तुमचाच आहे."

"नियम माहितीये मला. दोन मिनिटांची तर शर्यत. एवढ्यात काय होणार आहे?"

वहिनींनी त्याच्याकडे नीट पाहिलं. हा माणूस त्यांच्या लग्नात करवला होता. त्याला शाळेचा डबा त्यांनी भरून दिला होता. तो वाईट नव्हता, भेदरलेला होता, आणि भेदरलेला माणूस काय वाटेल ते करून बसतो हे त्यांना घोड्यांकडून चांगलं ठाऊक होतं.

त्यांनी गोगलगायचा लगाम धरला, तिला रिंगणातून मैदानाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेच्या तोंडाशी नेलं आणि आडवी उभी केली. बाहेर जायला तेवढी एकच वाट होती. मागचे घोडे अडले.

"आई, काय करतेयस?" वरून लेकीने हळूच विचारलं.

"उभी आहे."

लेकीने रिकिबीतून पाय काढले आणि खाली उतरून आईच्या शेजारी उभी राहिली.

मागून आवाज सुरू झाले. सगळ्यात पुढे मिशीवाले होते, वहिनींचे जुने प्रतिस्पर्धी ट्रेनर. त्यांचा घोडा जिंकणार असं सगळं मैदान म्हणत होतं. गेली कितीतरी वर्षं त्यांच्यात आणि वहिनींत विळ्याभोपळ्याचं सख्य.

"वहिनी, वाट सोडा. माझा घोडा तापतोय."

"सावलीत न्या त्याला. गाडी आली की मीच बाजूला होते."

"माझा मालक वर बसलाय. मी त्याला काय सांगू?"

"सांगा की त्याच्या घोड्यावर कुणाचातरी मुलगा बसलाय."

मिशीवाल्यांनी मिशीवरून हात फिरवला. त्यांनी आपल्या जॉकीकडे पाहिलं. मागच्या महिन्यात पडलेला पोरगा त्या जॉकीचा सख्खा मावसभाऊ होता. तो पांढऱ्या गाडीच्या रिकाम्या जागेकडे बघत होता.

"उतर खाली," मिशीवाले म्हणाले. "आणि पाणी दाखव घोड्याला."

मग एकेक करून सगळे उतरले. कुणी खुशीने, कुणी शिव्या देत.

दीर पांढरा पडला होता. "वहिनी, घरचं माणूस म्हणून सांगतो, लायसन्स जाईल तुमचं. मी वाचवू शकणार नाही."

"वाचवू नका. गाडी मागवा."

तिकडे स्टँडमध्ये लोकांना काहीच कळत नव्हतं. शर्यतीची वेळ टळून गेली होती आणि भोंगे नेहमीसारखे मुके होते. शिट्ट्या सुरू झाल्या, मग आरडाओरडा. कुणीतरी पाण्याची बाटली मैदानात भिरकावली. वहिनींनी ते पाहिलं, लगाम लेकीच्या हातात दिला आणि स्टँडच्या माथ्यावरच्या खोलीकडे निघाल्या. तिथे शर्यतीचं वर्णन करणारा निवेदक बसायचा. जिने चढून त्या वर पोचल्या तेव्हा धाप लागली होती.

"लोकांना सांगा ना काय झालंय ते," त्या म्हणाल्या.

निवेदकाने हात जोडले. "सचिवांनी सांगितल्याशिवाय मला बोलायला मनाई आहे."

"तुम्हाला आहे. मला कुणी मनाई केलेली नाही. सरका."

तो सरकला. नंतर चौकशीत त्याने सांगितलं की त्यांनी ढकललं, पण ते त्याने नोकरीसाठी सांगितलं आणि वहिनींनीही त्याला खोटं पाडलं नाही.

माइकसमोर बसल्यावर सुरुवात कशी करायची तेच त्यांना कळेना. घोड्यांशी त्या दिवसभर बोलायच्या, माणसांच्या गर्दीशी कधी बोलल्या नव्हत्या. त्यांनी घसा खाकरला, तो सगळ्या मैदानभर ऐकू गेला आणि थोडे लोक हसले. त्या हसण्याने त्यांना बरं वाटलं.

"मी एक ट्रेनर आहे," त्या म्हणाल्या. "मघाशी एका कामगाराला लागलं, त्याला घेऊन अ‍ॅम्ब्युलन्स गेलीय. दुसरी गाडी नाही. ती असायला हवी होती, नाहीये. गाडी नसताना घोडे सोडायचे नाहीत म्हणून मी वाट अडवलीय. समितीने नाही, मी. कुणी पडलं तर उचलायला कुणी नसेल, अशी शर्यत आम्ही तुम्हाला दाखवणार नाही. तुमचा खोळंबा झाला, त्याबद्दल माफ करा. ज्यांना घरी जायचंय त्यांनी जावं, त्यांचं बरोबरच आहे. ज्यांना थांबायचंय त्यांनी खाली रिंगणापाशी या. घोडे तिथेच आहेत. जवळून बघा."

काही लोक उठून गेलेच. एकाने वर बघून हात झटकले. पण बाकीचे आपसात बोलू लागले आणि मग जिन्यावरून उतरू लागले. वहिनी खाली पोचेपर्यंत रिंगणाच्या कठड्याभोवती माणसांचं कडं झालं होतं. इतक्या वर्षांत प्रेक्षकांना इथे कुणी बोलावलंच नव्हतं. लेक गोगलगायला फिरवत होती आणि विचारेल त्याला उत्तर देत होती. हिचं वय काय, ही खाते काय, हिला भीती वाटते का. एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "आणि तुला गं?" लेक म्हणाली, "वाटते की. रोज वाटते." मिशीवाले सुरुवातीला फुगून उभे होते, पण त्यांच्या घोड्याचं कुणीतरी कौतुक केलं आणि मग त्यांची गाडी जी सुटली ती थांबेना.

अ‍ॅम्ब्युलन्स आली. लोकांनी तिला वाट करून दिली आणि टाळ्या वाजवल्या. ड्रायव्हर बिचारा गोंधळला, त्याला वाटलं मागून कुणीतरी मोठं माणूस येतंय. टीव्हीवाले थांबले होते. झालेला सगळा प्रकार त्यांनी टिपला होता आणि त्यांना तो शर्यतीपेक्षा जास्त आवडला होता.

शर्यत झाली. मिशीवाल्यांचा घोडा जिंकला. गोगलगाय तिसरी आली. कुणी पडलं नाही.

समितीने वहिनींना बोलावलं. लांबलचक टेबलाच्या एका टोकाला त्या, दुसऱ्या टोकाला अध्यक्ष, आणि मधे कुठेतरी मान खाली घालून दीर. शर्यतीत अडथळा, परवानगीवाचून माइकचा वापर, संस्थेची बदनामी. अध्यक्षांनी विचारलं, "तुम्हाला पश्चात्ताप आहे?"

"उशीर केल्याचा आहे," वहिनी म्हणाल्या. "मागच्याच महिन्यात अडवायला हवं होतं."

मोसम संपेपर्यंत त्यांचं लायसन्स निलंबित झालं. तबेल्यात पाऊल टाकायचं नाही.

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं, भाजी ढवळायची पळी बाजूला ठेवली आणि कोपऱ्यातली काठी उचलली. "मग उद्यापासून मी जातो."

"तुमची पाठ?"

"पाठ काय, तिला घेऊनच जातो."

आणि तो खरंच गेला. खुर्चीत बसून तबेला चालवू लागला. रोज संध्याकाळी घरी येऊन घोड्यांची हकिगत सांगायचा आणि वहिनी स्वयंपाक करपवत ऐकायच्या.

खरी गंमत पुढे झाली. पुढच्या शर्यतींसाठी घोड्यांची नावं द्यायचा दिवस आला, तेव्हा मिशीवाल्यांनी एकही नाव दिलं नाही. त्यांच्यामागोमाग इतरांनीही दिलं नाही. दोन अ‍ॅम्ब्युलन्स, नवा कठडा, सगळ्या मैदानाला पाणी आणि समितीत ट्रेनर-जॉकींचा एक माणूस, एवढं होईपर्यंत घोडे तबेल्यातच राहतील असं त्यांनी कळवलं. शर्यतींचा एक अख्खा दिवस रद्द झाला. दुसराही रद्द व्हायची वेळ आली तेव्हा समिती वाकली. समितीवर कुणाला पाठवायचं यावर फारशी चर्चा झालीच नाही. वहिनींनी तबेल्यात जायचं नाही, पण समितीच्या खोलीत मात्र बसायचं, असा अजब न्याय झाला.

इतके दिवस दीर घरी फिरकला नव्हता. एका सकाळी दारात उभा राहिला. चप्पल काढली नाही.

"वहिनी, तुमच्यामुळे माझं नाक कापलं गेलं."

"तुमचं नाक जागेवर आहे भावजी, मला दिसतंय. आत या."

तो आत आला, पण बसला नाही. "मला खरंच वाटलं होतं, दोन मिनिटांत काही होणार नाही."

"माहितीये."

"झालं असतं तर?"

वहिनींनी खुर्ची पुढे सरकवली. तो बसला. जाताना म्हणाला, "पंपाच्या माणसाला उद्या बोलावलंय. तुम्ही याल? तुम्हाला मैदान माहितीये."

"येते."

मोसमाचा शेवटचा दिवस उजाडला. निलंबित ट्रेनरला पास मिळत नाही, म्हणून वहिनी फाटकाबाहेर तिकिटाच्या रांगेत उभ्या राहिल्या. आता तीन खिडक्या उघड्या होत्या आणि तिन्हींपुढे माणसं होती. फार नव्हती. जुन्या दिवसांची तर सरच नव्हती. पण त्यात कडेवर पोरं घेतलेल्या बायका होत्या आणि रिंगणाकडे कुठून जायचं ते एकमेकांना विचारणारे लोक होते. वहिनींना इतक्या वर्षांत हे फाटक या बाजूने कधी दिसलंच नव्हतं. बाहेर बसायला एक बाक नाही, सावली नाही, पाटीवरचा बाण भिंतीकडे रोखलेला. त्या एकेक गोष्ट मनात टिपत पुढे सरकत राहिल्या.

आत गेल्यावर एक बाई छोट्या मुलीचा हात धरून घाबरीघुबरी इकडेतिकडे बघताना दिसली.

"काय झालं हो?"

"बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप आहे. कुणाला विचारायचं तेच कळत नाही."

"चला," वहिनी म्हणाल्या. त्यांनी मुलीचा दुसरा हात धरला आणि तिघीजणी सरळ सचिवांच्या खोलीत शिरल्या. दीर कुणाशीतरी फोनवर बोलत होता. वहिनींनी टेबलावर हात पसरून ठेवला.

"भावजी, किल्ली."